साधा वर्तमानकाळ, सातवी ब

सगळा वर्ग हात वर करून बसला होता आणि मी फळ्यापाशी खडू धरून उभी होते. मागच्या बाकांवर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांच्या शेजारी आमचे मुख्याध्यापक ढवळे सर, आणि कडेला सोलापूरहून तज्ज्ञ म्हणून बोलावलेले इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक मांडीवर कागद घेऊन बसलेले. हात असे वर, की बघणाऱ्याला वाटावं सातवी ब मध्ये एकही ढ पोर नाही.

खिडकीजवळच्या एका मुलाचा उजवा हात वर होता. "हां, तू सांग," मी म्हटलं. "रोज सकाळी तुझी आई काय करते? इंग्रजीत एक वाक्य."

तो उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि हात हळूच खाली घेतला.

"बाई, मला येत नाही," तो म्हणाला. "मी तर..." पुढचं गिळून तो खाली बसला. मीच त्याला फसवलं असावं असं त्याचं तोंड झालं होतं.

मी हसून वेळ मारून नेली. "घाबरला वाटतं. बरं, तू सांग." दुसरा उजवा हात. तेलानं चपचपीत दोन वेण्या घातलेली मुलगी उठली आणि म्हणाली, "माय मदर इज कुकिंग."

"आत्ता करतेय का? आपल्याला दिसतेय का इथून? रोज करते. मग कसं म्हणायचं?"

"माय मदर वॉज कुकिंग," ती म्हणाली आणि कुणीतरी खुदकन हसलं. मागं प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आता ह्या हातांचं गुपित आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला पुढचं काही कळायचं नाही. मास्तर लोकांत ही युक्ती फार जुनी आहे. तपासणीला साहेब यायचे असले, की आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवायचं: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. बाईंनी फक्त उजवे हात वेचायचे. साहेब खूश, बाई खूश, आणि ढ पोरंसुद्धा खूश, कारण चारचौघांत त्यांची अब्रू राहते. बी.एड.च्या कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. हे शाळेतल्या जुन्या बायका शिकवतात, डबा खाता खाता. मला शेटे ताईंनी शिकवलं.

इंदुमती शेटे. शाळेत गणित शिकवायच्या आणि सातवी ब च्या वर्गशिक्षिका होत्या. मी तासिकेवर लागले तेव्हा शिक्षक-खोलीत मला कुणी बस म्हणेना. तासिकेवरचं माणूस म्हणजे आज आहे उद्या नाही, त्याला खुर्ची कशाला? ताईंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस गं. उभ्यानं काय खातेस?" त्या दिवसापासून माझी कडक भाकरी आणि त्यांची शेंगाचटणी एका डब्यात जेवू लागली. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या सासरी भाताची पेज घेऊन आल्या, आणि सासूबाई देवदर्शनाला गेल्या होत्या तर दोन दिवस माझ्या उशाशी बसून राहिल्या. मला आई नव्हती. मी चौथीत असताना गेली. त्यामुळं मी ताईंना काय काय सांगायची, ते आता आठवलं तरी माझं मलाच हसू येतं. आणि रागही येतो.

माझ्या घरचं एक गाऱ्हाणं तर फक्त त्यांनाच माहीत होतं. मी शिकवते हे माझ्या सासऱ्यांना पहिल्यापासून खुपायचं. चार वर्षं त्यांनी चालवून घेतलं. त्या उन्हाळ्यात मात्र जेवणाच्या ताटावर स्पष्ट सांगितलं, "वैजयंता, ह्या जूनला कायम झालीस तर शिकव. नाही झालीस तर पुरे. घरात काय कमी काम आहे?" आमचे हे मान खाली घालून वरण ओरपत राहिले. त्यांच्याकडून मला काही आशा नव्हतीच. माणूस वाईट नाही, पण बापापुढं तोंडातून शब्द फुटत नाही.

लोकांना वाटतं नोकरी म्हणजे पगार. माझं तसं नव्हतं हो. मी वर्गात शिरले, की मला माझं मी आहे असं वाटायचं. घरी मी सून, भावजय, जाऊ. वर्गात मी गरड बाई. एखादं पोर "हां, कळलं कळलं" म्हणून मान हलवायचं ना, तेव्हा माझ्या पोटात जे व्हायचं ते मला दुसऱ्या कशानंही झालेलं नाही. ते सुटेल ह्या भीतीनं मला झोप लागत नव्हती, आणि हेही मी ताईंना सांगितलं होतं.

त्या वर्षी इंग्रजीचे कवठेकर सर निवृत्त झाले आणि एक जागा सुटली. अर्जांतून दोघीच उरल्या. एक मी, दुसरी अक्कलकोटकडची कुणी महानंदा बिराजदार, नुकतीच बी.एड. झालेली. संस्थेनं ठरवलं, दोघींचे पाठ बघायचे. एकच वर्ग, एकच विषय, म्हणजे तुलना करता येईल.

आदल्या दिवशी विषय कळला: साधा वर्तमानकाळ कधी वापरायचा. मी तर हरखलेच. हा माझा हातखंडा धडा. शिक्षक-खोलीत ताई एकट्याच होत्या.

"बघ, देवानंच दिलं," त्या म्हणाल्या. "वर्ग कुठला ठरला ठाऊक आहे का? माझीच सातवी ब."

"ताई, पण मी सातवीला कधी शिकवलं नाही. मला पोरं ओळखत नाहीत, मी पोरांना ओळखत नाही. कोण हुशार, कोण ढ, काही माहीत नाही."

"म्हणून तर हातांची खूण लावून घ्यायची. येतं त्याचा उजवा, येत नाही त्याचा डावा. तू फक्त उजवे बघ, नावं कशाला पाहिजेत?"

"मग मी उद्या प्रार्थनेच्या आधी वर्गात जाऊन सांगू?"

"खुळी का काय तू? कुणी बघितलं तर गावभर बोभाटा होईल. मी सांगते ना. माझीच पोरं आहेत, मी रोज बोलतेच त्यांच्याशी." मग म्हणाल्या, "आणि पहिला पाठ तू घे. दुसऱ्यांदा शिकवताना वर्ग कंटाळलेला असतो. मी ढवळे सरांच्या कानावर घालते."

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, शिक्षक-खोलीत. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जा, नीट जेव आणि लवकर झोप."

पाठाची सुरुवात इतकी छान झाली की काय सांगू. मी पोरांना विचारलं, "मी आत्ता काय करतेय?" पोरं म्हणाली, "उभ्या आहात, बोलताय, खडू धरलाय." म्हटलं, बरोबर, हे आत्ताचं. आता तुमच्या घरी या. बाबा रोज काय करतात, आजी दुपारी काय करते, मांजर कुठं झोपतं. हे आत्ता ह्या घटकेला चाललंय की नाही ते आपल्याला माहीत नाही, पण नेहमीचं आहे. तिथं इंग्रजीत साधा वर्तमानकाळ. मग जे सगळ्यांसाठी, सगळीकडे खरं असतं ते. नदी खाली वाहते, गाय गवत खाते. मग जे मनात असतं ते. मला आवडतं, मला माहीत आहे, मला पाहिजे. आय लाइक, आय नो, आय वाँट. तिथं चाललंय-बिललंय नाही म्हणायचं.

"आणि एक गंमत," मी म्हटलं. "उद्या सकाळी सात वाजता सोलापूरची एस.टी. सुटते. उद्याची गोष्ट आहे की नाही? तरीपण द बस लीव्ज ॲट सेव्हन टुमॉरो. कारण वेळापत्रकात ठरलेलं आहे."

मागून एक पोर म्हणालं, "बाई, पण ती कधीच सातला सुटत नाही."

"नसेल सुटत. इंग्रजीत ती सातलाच सुटते."

सगळा वर्ग हसला. आप्पासाहेबसुद्धा पोट धरून हसले आणि प्राध्यापकांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं आपलं काम. मग मी प्रश्नांकडे वळले, सगळे हात वर गेले, आणि पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

दोन मुलं चुकल्यावर तिसऱ्याला विचारलं. उजवाच हात. "हाऊ मेनी ब्रदर्स?" असं काहीतरी उलट मलाच विचारून तो बसला. चौथी मुलगी नुसती रडायच्या बेतात उभी राहिली. पहिल्या बाकावर एक काळीसावळी, चुणचुणीत मुलगी डावा हात वर करून तो असा हलवत होती, की बाकावरून उठायचीच बाकी. माझ्या मनात आलं, येत नाही तर हलवते कशाला एवढा? बघणाऱ्यांना कळेल ना. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मी उजवेच हात विचारत राहिले, आणि पोरं एकामागून एक तोंडघशी पडत राहिली. सांगायचं ते मी सगळं सांगितलं होतं आणि वर्गाला त्यातलं काडीचं कळलं नाही, असंच त्या मागच्या तिघांना दिसलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आप्पासाहेब घड्याळाकडे बघत होते.

शिक्षक-खोलीत मी खुर्चीत बसले आणि मला रडूच कोसळलं. ताईंनी दार लोटून घेतलं.

"अगं, पोरं बावचळली. मागं एवढी मोठी माणसं बसलेली बघून माझ्यासुद्धा पोटात गोळा आला असता."

"ताई, उजवा हात केलेल्या एकालाही आलं नाही. एकालाही."

"मी सांगितलं होतं गं नीट. आता पोरांचं काय सांगावं?" त्यांनी कपात चहा ओतून पुढं केला. "पी. ती दुसरी कोण आहे, ती कुठं मोठी लागून गेलीय? तिचीपण अशीच फजिती होणार बघ."

तेवढ्यात ढवळे सर डोकावले. मला म्हणाले, "गरड बाई, दुसरा पाठ सुरू होतोय. मुलगी बाहेरची आहे, तिला वर्गाची सवय नाही. पोरांनी दंगा केला तर आवरायला तुम्ही मागं बसा. शेटे बाईंचा नववीचा तास आहे."

आता बघा, ज्या पाठानं माझी जागा जाणार, तो पाठ शांततेत व्हावा म्हणून मलाच राखणीला बसवलं. पण नाही म्हणायचं कसं? डोळे पुसले आणि जाऊन सगळ्यात मागच्या कोपऱ्यात बसले.

महानंदा बिराजदार बारकी, गोरी, आवाज एवढासा. तिनं फळ्यावर पुस्तकातली वाक्यं लिहिली, सूर्य पूर्वेला उगवतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. हातातल्या कागदावर बघून बघून नियम सांगितले. बोलताना पदराच्या टोकाशी चाळा करत होती. पोरं जांभया द्यायला लागली. मला तिची दयाच आली, खोटं कशाला सांगू, आणि थोडं बरंही वाटलं.

मग तिनं प्रश्न विचारला, आणि सगळे हात वर गेले.

तिनं वर्गावरून नजर फिरवली आणि पहिल्या बाकावरच्या त्याच काळ्यासावळ्या मुलीकडे बोट केलं. तिचा डावा हात वर होता.

"माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह," ती मुलगी घडाघडा म्हणाली, "अँड शी मेक्स भाकरी. माय फादर वर्क्स इन अ हॉटेल. वुई लिव्ह निअर द टँक."

आप्पासाहेब सावरून बसले. पुढचा हात. डावा. बरोबर. त्याच्या पुढचा, डावाच, आणि बरोबर. महानंदा मोती वेचावेत तसे डावे हात वेचत होती आणि एकही वाक्य चुकत नव्हतं. खिडकीजवळचा तो मघाचा मुलगा उजवा हात वर करून अगदी निवांत बसला होता. आपल्याला विचारणार नाहीत याची त्याला आता खात्री होती. त्याच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पोरं बावचळली नव्हती. पोरांना सांगितलं होतं तसंच ती दोन्ही पाठांना वागली होती. येतं त्याचा डावा, येत नाही त्याचा उजवा. माझ्या पाठाला त्यांनी सगळं मला दाखवलं होतं आणि मी बरोबर उलटं बघत होते, कारण मला उलटं सांगितलं होतं. आणि ह्या पोरीला बरोबर सांगितलं होतं.

मला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं. सांगणार काय पण? आप्पासाहेब, मी वर्गाला हाताची खूण लावली होती आणि ती खूण मलाच चुकीची कळवली? साहेबांना फसवायची युक्ती माझ्यावरच उलटली म्हणून तक्रार करू? तोंड उघडलं असतं तर पहिली मीच बदनाम झाले असते. ज्यानं हे केलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मी कोपऱ्यात बाकाची कड घट्ट धरून बसून राहिले.

पाठ संपल्यावर महानंदा व्हरांड्यात माझ्यामागं आली. घाम पुसत होती.

"तुम्ही गरड मॅडम ना? मला फार भीती वाटत होती. शेटे ताईंनी सांगितलं म्हणून निभावलं."

"काय सांगितलं?"

"ते डाव्या हाताचं. म्हणाल्या, ह्या शाळेत येतं त्याचा डावा असतो, सगळे बाई-सर तसंच करतात." तिनं माझ्याकडे निर्मळ चेहऱ्यानं बघितलं. "तुम्हालाही सांगितलंच असेल."

"शेटे ताईंना तुम्ही कशा ओळखता?"

ती लाजली. "अजून कुणाला सांगायचं नाही म्हणाल्यात. पण तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हाला माहीतच असेल. त्यांच्या मुलाशी, बसवराजशी माझी सुपारी फुटलीय."

बसवराजनं दिवाळीला कुठल्या रंगाचा शर्ट घेतला हे मला माहीत होतं. त्याला कारलं आवडत नाही, पाऊस पडला की त्याचा दमा उठतो, हे सगळं ताईंनी मला रोजच्या डब्याबरोबर सांगितलं होतं. आणि त्याची सुपारी फुटली हे एवढंच सांगायचं राहिलं. मी त्या मुलीला म्हटलं, "अभिनंदन."

दुपारी ढवळे सरांनी मला बोलावून घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नका, गरड बाई. तुम्ही शिकवता छान, प्रोफेसरांनीपण तसं म्हटलं. पण त्यांचं म्हणणं, शिकवलेलं पोरांपर्यंत पोचलं नाही. त्या मुलीचं पोचलं. आप्पासाहेबांनी सही केलीय."

"सर, माझंही पोचलं होतं."

"मग एकानंही सांगितलं का नाही?"

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत उभी राहिले. ते म्हणाले, "बरं, या तुम्ही."

शाळा सुटल्यावर ताई सातवी ब मध्ये एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या. फळ्यावर महानंदाची वाक्यं तशीच होती. मी आत गेले आणि पुढच्या बाकापाशी उभी राहिले.

"ताई, पोरांना काय सांगितलं होतं?"

"काय सांगायचं? ठरलं होतं तेच." त्यांनी मान वर केली नाही.

"उजवा की डावा?"

"अगं, पोरं ती. उलटसुलट केलं असेल."

"आणि महानंदालापण उलटसुलटच सांगितलं का?"

त्यांचा पेन थांबला. मग त्यांनी टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"भेटली वाटतं," त्या म्हणाल्या. "तिला काही बोलली नाहीस ना?"

त्यांचा पहिला प्रश्न हा होता. माझं काय झालं, मी कशी आहे, हे नाही. मला वाटलं, हातात सापडेल ते फेकून मारावं.

"नाही बोलले. तिला काही ठाऊकच नाही. चांगली आहे पोरगी."

"चांगली आहे," त्या म्हणाल्या आणि जरा सैल झाल्या. "हे बघ वैजू, बसूचं तुला माहीत आहे. तीन ठिकाणी लागला, तीन ठिकाणांहून घरी आला. माझी नोकरी संपत आली. घरात एक तरी कायमची नोकरी नको का? तुझं काय, तुझ्या नवऱ्याचं कारखान्यात बरं चाललंय. तुझं काही अडत नाही."

"माझं काय अडतंय ते तुम्हाला माहीत होतं. मामंजी काय म्हणाले ते मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं."

"सांगितलंस ना. म्हणून तर..." त्या थांबल्या.

"म्हणून तर काय?"

त्यांनी पेपरांचा गठ्ठा उगाच टेबलावर आपटून सरळ केला. "म्हणून तर मला कळलं की तू इथं राहणार नाहीस. ही जागा गेली की घरी बसणार. रोज समोरासमोर बसून डबा खायचा असता, तर मला हे झालं नसतं गं. खरंच झालं नसतं."

केसानं गळा कापला म्हणतात ना लोक, मी नुसतं ऐकलं होतं. जे दुःख मी त्यांच्याजवळ मोकळं केलं, त्याचाच हिशेब करून त्यांनी मला गाठलं होतं. आणि हे त्या मला सांगत होत्या ते दिलासा म्हणून.

"तुम्ही मला तोंडावर सांगायचं होतं," मी शेवटी म्हटलं. "वैजू, माझ्या सुनेसाठी नाव मागं घे, असं."

"घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं. पण तुमची-माझी सरळ लढत झाली असती."

"सरळ लढतीत तू जिंकली असतीस," ताई म्हणाल्या. मग पाणी उकळतं, नदी खाली वाहते, म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, "माणूस आधी आपल्या माणसाचं बघतो. सगळे बघतात."

"मग मी कोण होते?"

त्यांनी पेपरांचा गठ्ठा पिशवीत घातला. मला अजून आशा होती, बघा. काहीतरी बोलतील, निदान रडतील.

"तू चांगली होतीस गं," त्या म्हणाल्या. "पण घरची नव्हतीस."

मी घरी आले. मामंजींनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "नाही झालं." "बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. आमच्या ह्यांनी त्या रात्री मला न विचारता गुलाबजाम आणले, आणि मी ते खाल्ले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी भांडी घासताना शाळेची घंटा ऐकू यायची, तेव्हा नळ मोठा सोडायची. एका रविवारी दुपारी दारात कुणीतरी कडी वाजवली. बघते तर महानंदा, अंगावर नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या.

"मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली. "माझ्या तासाला पोरं ऐकतच नाहीत. मी सांगते ते त्यांना कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, गरड बाईंकडे जा, त्यांच्यासारखं कुणी शिकवत नाही. साध्या वर्तमानकाळापासून सुरू करायचं म्हणाल्या."

जागा घेतली, आता हेही पाहिजे? त्या बाईनं ही पोरगी माझ्या दारात पाठवली, तेही तिला काही न सांगता. दार तोंडावर लावायला मी हात उचललासुद्धा. ती पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती, त्या दिवशी वर्गात करत होती तसाच.

मग मी चटई टाकली. तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "आधी पुस्तक मिट. मला सांग, तुझ्या सासूबाई रोज सकाळी उठून काय करतात?" ती सांगायला लागली आणि मी शिकवायला लागले. आत्ताचं काय, नेहमीचं काय, ठरलेलं काय, सगळं. ऊन उतरलं तरी आम्ही बसलो होतो. एका क्षणी तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हां मॅडम, आत्ता कळलं."

मी शिकवलं, कारण माझी शाळा सुटल्यापासून शिकायला म्हणून माझ्यासमोर कुणी बसलंच नव्हतं. तिच्यानंतरही कुणी बसलं नाही.